गुरुजींची राहिलेली शंका

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत असे, हे आधीच सांगून ठेवते. आयुष्यभर गणित शिकवलं. आमच्या मालवणात वळणावळणावर लोकांनी एकेक देवचार उभा केलेला असतो, आणि त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी तिन्हीसांजेला एकटी घरी यायचे. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं... मीही हसले असते.

गोष्ट पन्नासचं दशक संपता संपताची. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीतच मोडायचो. आम्ही काही शिक्षक आणि एक पोस्टमास्तर मिळून टोळी जमवली होती. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत एक जागा निवडायची, एस.टी.ने जायचं, मुक्काम करायचा आणि शिकायचं. देवदर्शन नाही, पत्ते नाहीत. प्रत्येकाने एक विषय तयार करून आणायचा आणि त्या जागेवर उभं राहून बोलायचं. एवढी घोडी झालेली माणसं पुन्हा शाळा खेळतात म्हणून गाव हसायचं. एक नियम मात्र कडक होता — ज्याची शंका सुटली नाही, त्याने ती घरी न्यायची आणि पुढच्या वर्षी उत्तरासकट परत आणायची.

आमच्यातले परब गुरुजी, प्राथमिक शाळेतले. शंका काढण्यात सगळ्यांच्या पुढे, घरी मात्र तोंडाला कुलूप. त्यांची बायको माझी शेजारीण, आम्ही तिला परबवहिनी म्हणायचो. गुरुजी तिला हाक मारत ती नुसती "अगो" अशी. नवराबायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, अशीच तेव्हाची रीत होती.

त्या वर्षी विजयदुर्ग ठरलं होतं. तळेऱ्याला गाडी बदलून, धुळीने माखून आम्ही पोचलो. विज्ञान शिकवणाऱ्या सामंत सरांचा विषय होता प्रतिध्वनी. किल्ल्यात एक लांबलचक दगडी कोठार आहे... एकच दार, आत काळोख. सर म्हणाले, गर्दी असली की अंगावरच्या कपड्यांत आवाज जिरतो, म्हणून एकेकट्याने आत जाऊन हाक मारायची, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. पोस्टमास्तर "तार!" म्हणून ओरडले आणि तार दोनदा आली. मी पाढा म्हटला, तोही परत आला. शेवटी गुरुजी गेले. बाहेर तटावर वारा उठला होता. त्यांनी काहीतरी हाक मारली एवढं कळलं, शब्द कळला नाही. बराच वेळ ते आतच. आले ते कानकोंडे होऊन.

"माझो आवाज परत इलो नाय," ते म्हणाले.

"पुन्हा मारा की," सामंत सर म्हणाले.

"नको. एकदाच मारूची होती."

काय हाक मारलीत विचारलं, तर गुरुजी लाजले. त्या वयाचा पुरुषमाणूस असा लाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पोस्टमास्तरांनी चिडवलं, "मगे आवाज खंय गेलो, ही तुमची शंका. फुडल्या वर्षी उत्तर आणा." गुरुजी हसून हो म्हणाले.

पुढच्या श्रावणात ते तापाने गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी वहिनीजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती. तांदूळ निवडता निवडता खाली मान घालून म्हणाली, "बाय गो, एक विचारू? दर वर्षी जायत ते. थंय गेल्यार माझी आठवण येय काय गो तेंका? माका कधी बोलाक नाय."

गुरुजी सहलीत तिचा विषय कधीच काढत नसत. खोटं बोलवेना, म्हणून मी विजयदुर्गाची ती शंका सांगितली. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तेंचा काम अर्धा रवला," ती म्हणाली. "मगे मी येतंय तुमच्यावांगडा."

दीर-जावांनी आकाशपाताळ एक केलं. विधवा बाई, परक्या पुरुषांबरोबर गावोगाव हिंडणार? वहिनी कोणाला उलट बोलली नाही. ठरलेल्या दिवशी पिशवी घेऊन गाडीत येऊन बसली. तिच्यासाठी आम्हीही पुन्हा विजयदुर्गच धरला.

दुपारचं लख्ख ऊन होतं, पान हलत नव्हतं. सामंत सर आधी बॅटरी घेऊन कोठारभर फिरून आले. आत वटवाघूळसुद्धा नव्हतं. मग वहिनी एकटी गेली. आम्ही सगळे दाराशी, एकमेकांच्या नजरेसमोर. आत कितीतरी वेळ शांतता. बिचारीला काय हाक मारावी सुचत नसेल, असं मला वाटलं. आणि आतून आवाज आला —

"मथू... अगो मथू..."

पुरुषाचा आवाज. गुरुजींचा. तोच बसका, शेवटाला वर चढणारा, मी वर्षानुवर्षं कुंपणापलीकडून ऐकलेला. सामंत सर पांढरेफटक पडले. मी काही बोलणार इतक्यात आतून वहिनी म्हणाली,

"ओ..."

आमच्याकडे न दिसणाऱ्याच्या हाकेला ओ देत नाहीत. ओ दिली की माणूस त्या हाकेमागून जातो, म्हणतात. मी, गणिताची बाई, "वहिनी, बाहेर ये" म्हणत आत धावले! ती समोरून शांतपणे चालत येत होती. गालांवर पाणी होतं, चेहरा मात्र निवलेला.

"मथू कोण?" मी विचारलं. कारण आम्हाला माहीत असलेलं तिचं नाव पार्वती.

"मीच. मथुरा. म्हायरचा नाव माझा." तिने पदराने तोंड पुसलं. "लग्नात तेंनी ताटातल्या तांदळात पार्वती लिवल्यानी. त्या दिसापासना माका मथू कोणी म्हणाक नाय. तेंनी पण नाय."

ह्यावर आम्ही पुष्कळ डोकं खाजवलं. सामंत सर सांगत राहिले, दगडात आवाज वर्षभर सोडा, क्षणभरही मुक्कामाला राहत नाही. वहिनीनेच आवाज काढला असेल असंही कोणी सुचवलं. असेल बापडं. पण तिच्या गळ्यातून तो आवाज निघणं हे मला जास्तच अवघड वाटतं.

हाकेमागून वहिनी काही गेली नाही. आमच्या टोळीत ती कायमची आली, पुष्कळ वर्षं जगली, आणि शंका काढण्यात गुरुजींच्याही वरताण निघाली. आम्ही तिला मथूवहिनी म्हणू लागलो, ते तिला फार आवडायचं.

त्या दिवशी किल्ला उतरताना पोस्टमास्तरांनी नेहमीच्या सवयीने विचारलं, "कोणाची काय शंका रवली?" माझी होती. आम्ही सगळे दाराशी कान देऊन उभे होतो, वारा पडलेला होता, कोठार तेच होतं... तरी वहिनीची ओ परत आली नाही. नियमाप्रमाणे ती शंका मी घरी आणली. अजून माझ्याकडेच आहे.