लोखंडाच्या गोळीची फर्स्ट शिफ्ट

माघातली थंडी. भिलाईतल्या रिसालीच्या क्वार्टरांवर धुकं असं बसलं होतं की समोरच्या लाइनीतला नळ दिसत नव्हता, फक्त तिथं भांडणाऱ्या बायांचा आवाज येत होता. मागच्या अंगणात गुलाब कापगते उकिडवा बसून सिगडी पेटवत होता. खाली गोवरीचे तुकडे, त्यावर चार काड्या, वर कोळसा, आणि हातात फाटकं सूप. सिगडी हे त्याचं खातं. शकुबाई पेटवायला बसली की नुसता धूर, तो बसला की घटकेत निखारा.

"घ्या," शकुबाई मागून आली. एका हातात लिंबाच्या पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर विटकरी रंगाची गोळी. "फर्स्ट शिफ्टवाली आली ड्यूटीवर."

गुलाबनं नवऱ्याच्या जातीला शोभेल असं तोंड वाकडं केलं आणि गोळी गिळली. "अन् चाहा?"

"चाहाची ड्यूटी आठ वाजता."

"आज तरी दे ना वो. आज मेडिकल हाय माझं."

"मेडिकल हाय म्हूनच नाई देत. तीन महिने पाळलं, अन् आज अर्ध्या कपासाठी नाव घालवता का?"

तो पुन्हा सूप हलवू लागला. बोलणं खरं होतं. आज दहा वाजता डॉक्टर त्याला डोळे मिटून उभं करणार होते. उभा राहिला तर उद्यापासून पुन्हा क्रेनवर. डुलला तर उरलेली सारी नोकरी जमिनीवर.

आता जमिनीवर काय वाईट आहे, असं कोणी म्हणेल. सारं जग जमिनीवरच तर नोकरी करतं. पण गुलाब साकोलीकडच्या धानाच्या बांध्या सोडून भिलाईत आला, पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागला आणि चार वर्षांनी त्याला रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधल्या क्रेनवर चढवलं, त्या दिवसापासून त्याचा जीव वरच राहिला होता. छपराखाली रुळांवरून सरकणारी ती अजस्र क्रेन, तिच्या पोटाशी टांगलेली काचेची केबिन आणि तिथवर जाणारी बावन्न पायऱ्यांची शिडी. खाली लालभडक रूळ सापासारखे सळसळत जायचे. गुलाब दोन दांडे हलवायचा आणि दहा टनांचं ओझं असं अलगद ठेवायचा, जशी बाईनं तव्यावर भाकर टाकावी.

खाली उभा असायचा भैयालाल, खास धमतरीकडचा छत्तीसगढी गडी. मिलच्या त्या गडगडाटात तोंडाचं बोलणं चालत नाही, सगळं हातांनी. बोट वर फिरवलं की उचल, तळवा खाली केला की सोड, मूठ आवळली की थांब. चौदा वर्षं हे दोघं असे हातांनी बोलत आले होते. डबा खाताना समोरासमोर बसूनही भैयालाल मीठ मागायला हातच हलवायचा.

मग एकोणनव्वद साली गुलाबच्या पोटातला अल्सर फुटला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाचे चार भाग केले म्हणा, त्यातले तीन कापून काढले आणि उरलेला एक आतड्याला जोडून दिला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला घाम फोडणारा, ब्याण्णव किलोचा गुलाब, सहा महिन्यांत अठ्ठावन्नवर आला. पँटीत दोन गुलाब मावायला लागले. "आधा गुलाब अस्पताल में छोड़ के आ गे," असं म्हणून भैयालाल हसायचा आणि मग उगाच डोळे पुसायचा.

दवाखान्यातून सुटल्यावर सेक्टरच्या डिस्पेन्सरीत वसुंधरा सिस्टरनं नवराबायकोला बसवून घेतलं होतं. सिस्टर अमरावतीकडच्या. प्लांटच्या माणसाला प्लांटच्याच भाषेत सांगावं, तरच डोक्यात जातं, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव.

"हे पाहा कापगते, पोट लहान झालं म्हणजे जेवण कमी झालं, एवढंच नाही. जे खाल ते पहिल्यासारखं अंगी लागत नाही. मशीन छोटी झाली, अर्धा माल तसाच पुढं सरकते. म्हणून बाहेरून द्या लागते. महिन्याले एक लाल सुई, बी-ट्वेल्व्हची. एक लोखंडाची गोळी, एक चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. किती दिवस? तर जन्मभर."

"लोखंडाची?" गुलाब हसला. "सिस्टर, मी दिवसभर लोखंडच उचलून राहिलो. नाकातोंडात लोखंड जाते. मले लोखंड कमी पडलं?"

"तुमचं लोखंड रुळाचं. हे रक्ताचं. अन् एक ध्यानात ठेवा, या दोघी एकत्र घ्यायच्या नाहीत. पोटात गेल्या की एकमेकीले काम करू देत नाहीत. एक फर्स्ट शिफ्टले, दुसरी सेकंड शिफ्टले. समजलं?"

"समजलं जी," गुलाब म्हणाला.

आणि त्याला अगदी नीट समजलं होतं. तिथंच घोटाळा झाला.

दोन वर्षं बरी गेली. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, गोडाच्या वाटेला जायचं नाही, हे त्यानं पाळलं. पण हळूहळू त्याला धाप लागायला लागली. तळपायांना मुंग्या यायच्या. फरशीवर चालताना वाटायचं, खाली कोणी गादी टाकून ठेवली आहे. घरी बोलला नाही, मिलमध्ये तर नाहीच नाही. क्रेनवाल्यानं चक्कर हा शब्द काढला की त्याला खाली उतरवतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीआधी एका सकाळी तो शिडी चढत होता. तिसाव्या पायरीवर त्याला कळेना, पाय पायरीवर आहे की हवेत. त्यानं खाली वाकून पाहिलं तेव्हा पाय दिसला, आणि पायरीही. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पायाचा पत्ता लागत नव्हता. तो तसाच शिडीला मिठी मारून बसला. खालून भैयालालनं मूठ आवळली. थांब. मग तो स्वतः वर चढला, त्याला एकेक पायरी उतरवून आणलं आणि सरळ फोरमनला जाऊन सांगितलं.

गुलाबला ते फार लागलं. पंधरा दिवस त्यानं भैयालालकडे मान वळवली नाही. बोलणं तर दूरच.

डिस्पेन्सरीत डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठावर आलं होतं. मग पाय जुळवून डोळे मिटायला लावलं. गुलाबनं डोळे मिटले आणि तो थेट वजनाच्या काट्यावर जाऊन पडला. काटा ठणठणीत राहिला, गुलाबचं कपाळ फुगलं. "तीन महीने नीचे काम करो," डॉक्टर म्हणाले. "फिर देखेंगे. फिर भी गिरे, तो क्रेन भूल जाओ." त्याला टूल रूमच्या खिडकीत बसवलं. पाने द्यायचे, पाने घ्यायचे. मान वर केली की छपराखालून त्याची क्रेन दुसऱ्याच्या हातानं सरकताना दिसायची.

त्याच दिवशी शकुबाई त्याला ओढत वसुंधरा सिस्टरपुढे घेऊन गेली.

"गोळ्या घेता ना?" सिस्टरनं विचारलं.

"घेतो ना जी. तुमी सांगतलं तशाच. शिफ्टीनं."

"म्हणजे कशा?"

"माझी फर्स्ट शिफ्ट असते त्या हप्त्यात लोखंडाची. सेकंड शिफ्टच्या हप्त्यात चुन्याची. एकत्र कदी होऊच देल्या नाई."

सिस्टरचा पेन हातातच राहिला. "अन् नाइट शिफ्टच्या हप्त्यात?"

"नाइटची ड्यूटी तुमी कोणालेच नाई लावली ना. मंग तवा दोघीइले सुट्टी."

"वीकली ऑफले?"

"ऑफ म्हंजे ऑफ जी," गुलाब गंभीरपणे म्हणाला.

शकुबाईनं कपाळावर हात मारला. "तरीच मी इचारलं का गोळी घेतली का, तं म्हणे आज तिची शिफ्ट नाई! मले वाटलं डाक्टरचं काही असन. अन् सिस्टर, घेत बी होते तं चाहासंगं."

"चहासंगं!" सिस्टर उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, चहा त्या लोखंडाले गेटवरूनच परत पाठवते. अन् लाल सुई?"

"ते तं महिन्याची होती..." गुलाब चाचरला. "पन नाइट करून आलो का सकाळी झोप लागे. दवाखाना उघडे तवा मी झोपून, मी उठलो तवा दवाखाना बंद. दिवस गेले, मंग राहूनच गेली."

"किती दिवस?"

"वरीस झालं असन जी."

सिस्टर आधी रागावल्या, मग त्यांना हसू आवरेना, मग पुन्हा रागावल्या. "कापगते, फर्स्ट शिफ्ट म्हणजे सकाळ हो! रोजची सकाळ!"

"मंग सकाळ म्हना लागत होतं जी."

"सकाळ म्हटलं असतं तर नाइटवाल्या हप्त्यात तुमची सकाळ दुपारी तीनले झाली असती."

गुलाबनं बोटांवर हिशेब करून पाहिला. खरंच तसं झालं असतं.

"आता ऐका," सिस्टर शकुबाईकडे वळून म्हणाल्या. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. "यांची शिफ्ट कोणतीही असो, गोळ्यांची शिफ्ट बदलायची नाही. त्यांना ना नाइट, ना ऑफ. सुईसाठी मात्र यांना तुम्हीच घेऊन यायचं. पहिल्यानं रोज, मग हप्त्याले एक, मग महिन्याले. मुंग्या जायला वेळ लागन, पण जातीन."

त्या दिवसापासून शकुबाई फोरमन झाली. सुपेल्याच्या इतवारी बाजारातून तिनं दोन बरण्या आणल्या, लाल झाकणाची लोखंडाला, पांढऱ्या झाकणाची चुन्याला. तिला अक्षर येत नव्हतं, घड्याळाशी तिचं फारसं पटत नव्हतं, पण प्लांटचा भोंगा तिच्या रक्तात भिनला होता. सकाळी सहाचा भोंगा झाला की लाल झाकण, लिंबाच्या पाण्यासंगं. दुपारी दोनचा झाला की पांढरं झाकण, जेवणासंगं. टूल रूममध्ये असला तर पांढरी गोळी डब्यात, भाजीच्या वाटीच्या झाकणाला चिकटवलेली. अंगणातल्या मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला दिवसाआड ताटात यायला लागला. गुलाब म्हणे, "मी बकरी हाव का वो?" ती म्हणे, "बकरी डोलत नाई चढताना."

संध्याकाळी ती त्याला मुनग्याखाली उभं करायची. पाय जुळवून, डोळे मिटून, आणि स्वतः बाजूला हात पसरून. शेजारची नलू कुंपणावरून पाहायची.

"वहिनी, भावजीनं काय गुन्हा केला वो? रोज उभं करून राहिल्या."

"ह्याइले क्रेनवर बसायचं हाय, म्हून उभं करून राहिली."

पहिल्या महिन्यात तो दहा मोजेपर्यंत डुलायचा. दुसऱ्यात वीस. संक्रांतीला तीस मोजले तरी मुनग्याचं झाड आणि गुलाब दोघंही जाग्यावर होते. नलूनं कुंपणापलीकडून टाळी वाजवली.

मेडिकलच्या सकाळी बरोबर आठ वाजता शकुबाईनं चहा दिला. तो पिऊन गुलाब सायकलवर निघाला. धुकं विरलं होतं. डिस्पेन्सरीत डॉक्टरांच्या खोलीत वजनाचा काटा तिथंच होता. गुलाबनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"आँखें बंद."

त्यानं पाय जुळवले, डोळे मिटले. आतल्या अंधारात त्याला मुनगा दिसेना. दिसली ती मिल. खाली भैयालाल, मूठ आवळलेली. थांब. तो थांबला. तळपायाखाली फरशी लागत होती, थंडगार, टणक, कडेला एक चीरसुद्धा. गादी नव्हती. मूठ तशीच आवळलेली होती, म्हणून गुलाबही तसाच उभा.

"बस. खोलो आँखें."

तो हलला नाही.

"कापगते! सो गए क्या?"

दारातून वसुंधरा सिस्टरचं हसू ऐकू आलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. डॉक्टर रक्ताचा कागद बघत होते. "साढ़े ग्यारह. अच्छा है. कल से ऊपर जाओ. लेकिन सुई-गोली छूटी, तो फिर यहीं आओगे. गोली कब-कब लेते हो?"

"भोंगे पे, साहब."

डॉक्टरांना काही कळलं नाही. सिस्टरनं तोंडावर पदर धरला.

मिलच्या कँटीनपाशी भैयालाल उभा होता. लांबूनच त्यानं तळवा उलटा करून विचारलं, काय? गुलाब थांबला. तीन महिन्यांत त्यानं या माणसाशी कामापुरतंच बोलणं केलं होतं, तेही तोंडानं. त्यानं उजवा हात वर नेला आणि बोट गोल फिरवलं. उचल.

भैयालालनं भर कँटीनमध्ये त्याला कमरेला धरून उचललंच. "तोला मैं उतारेंव, तभे त चढ़बे गा!"

"हो रे बाप्पा, तूच उतरवलं, तूच चढव," गुलाब म्हणाला. "आता खाली ठेव. नाजूक माल हाय, तळवा खाली कर."

दोनचा भोंगा झाला तेव्हा तो घरी ताटावर बसलेला होता. त्यानं सायकल कशी लावली, यावरूनच शकुबाईला निकाल समजला होता. पांढरं झाकण उघडून तिनं गोळी त्याच्या हातावर ठेवली.

"उद्या कोणती?"

"फर्स्ट."

"चला. एक तरी दिवस तुमची अन् तिची शिफ्ट जुळली." ती पाणी देता देता म्हणाली. "पन पाच वाजता निघसान, तं भोंग्याच्या आधी घ्या लागन. तिले उठवते मी."

ऊन कलायला लागलं, तशी अंगणात पुन्हा गारवा उतरला. गुलाबनं सिगडी ओढून घेतली. सकाळची राख उपसली, मुनग्याच्या बुंध्याशी टाकली. जाळीत अडकलेला एक खडा काडीनं काढला. मग गोवरीचे तुकडे मोडून तळाला रचले आणि फाटकं सूप शोधायला लागला.

"शकू, कोळसा कोठं ठेवला वो?"

"जिथं रोज असते तिथं."

तो उठला, मागच्या दाराची पायरी न बघता चढला आणि कोळशाची टोपली घेऊन आला.