विहिरीत सोडलेला कंदील

काही तपास निवृत्तीनंतरही माणसाची पाठ सोडत नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर एका ठाण्याचा प्रभारी असताना झालेला विहिरीच्या भडक्याचा तपास मला आजही झोंबतो, कारण त्यात पहिली चूक माझीच होती.

सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. काशीदच्या अलीकडच्या एका गावात, नारळ-सुपारीच्या वाडीतली, बरेच दिवस न वापरलेली विहीर उपसायचं काम निघालं होतं. आमच्याकडे माणूस उतरण्याआधी दोरीने पेटता कंदील खाली सोडतात. विझला तर खाली हवा वाईट, कोणी उतरायचं नाही. त्या दिवशी कंदील विझला नाही, विहिरीनेच पेट घेतला. दोरी धरणाऱ्या गड्याचे हात आणि तोंड भाजलं.

पंचनाम्याला उभा राहिलो तर नाकात पेट्रोलचा वास बसला. वाडीचे मालक निवृत्त मास्तर. बांधावरून त्यांचं शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं वाजलेलं. त्यांनी सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं. शेजाऱ्याच्या पडवीत पाण्याच्या इंजिनासाठी ठेवलेला पेट्रोलचा कॅनही सापडला. मला वाटलं, तपास झालाच. संशयित म्हणून त्याला जीपमध्ये मागे, दोन शिपायांच्या मधे बसवून ठाण्यात आणला.

दोन तास विचारलं, आवाज चढवला. तो एकच सांगत राहिला, "मी न्हाय टाकलं, साहेब." खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीला नवं ठिगळ लावतो. हा लावत नव्हता. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण भाजलेला गडी डोळ्यांसमोर होता आणि माझं डोकं तापलं होतं.

दुपारी शेजाऱ्याची बायको आली. पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "ह्ये प्या, साहेब."

झाकण काढलं. तोच वास.

"आमच्या हिरीचं हाय. महिना झाला, पोरांना लांबनं पानी आनून पाजते."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"कुनाला सांगू? मास्तर म्हनले असते, ह्यांनीच वतलं."

स्वतःच्या पोरांच्या पाण्यात कोण पेट्रोल ओतेल? दोन्ही विहिरी उतारावर होत्या आणि वर, रस्त्याला, पेट्रोल पंप होता. तसाच उठलो.

पंपाचा मॅनेजर बोलायला गोड. टाकीतलं पेट्रोल हिशेबापेक्षा कमी भरतं का, म्हणून विचारलं. "सर, टाक्या एकदम ओके. थोडंफार उन्हाने उडतं."

"जमिनीखाली ऊन पोचतं होय?" मी म्हटलं आणि पाणी मागितलं. त्याने सीलबंद बाटली मागवली. मागे बोअरवेलचा नळ दिसत होता, तारेने घट्ट बांधलेला.

"त्यातलं द्या की."

"नको सर, ते खारट आहे."

"बघू, तुम्हीच एक घोट घ्या."

त्याचा चेहरा उतरला.

पुरवठा खात्याचे लोक बोलावले. पंचांसमोर विक्री बंद केली आणि टाकीत मोजपट्टी घातली. संध्याकाळपर्यंत एक थेंब विकला नव्हता, तरी पेट्रोल दोन बोटं खाली गेलं होतं. मग मॅनेजरने जबाब दिला. जुनी टाकी गळते हे त्याला ठाऊक होतं. पंप बंद पडेल म्हणून तो गप्प राहिला आणि स्वतः मात्र बाटलीतलं पाणी पीत राहिला. मला त्याचा भयंकर राग आला. गुन्हा दाखल केला. टाकी बंद झाली, पण माती आणि पाणी साफ व्हायला वर्षं लागतील, असं तज्ज्ञ नंतर म्हणाले.

त्याच संध्याकाळी ठाण्यात परतून शेजाऱ्याला म्हटलं, "जा घरी." तो उठला, पण बायको उठेना.

"जीपमधनं न्हेलात, समद्या गावानं बघितलंय. जीपमधनंच सोडा."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी स्वतः निघालो. मास्तरांच्या दारात, लोकांसमोर माझी चूक सांगायचं ठरवलं आणि नंतर सांगितलीही. भांडण म्हणजे पुरावा नव्हे, हे पुढे नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी बजावत आलो. पण मी ते शिकलो ठाण्याच्या अंगणात. जीपचं पुढचं दार मी त्याच्यासाठी उघडून धरलं होतं. तो माझ्याकडे न बघता मागे चढला आणि दोन शिपायांना बसायला जागा सोडून मधोमध बसला.