गौराक्कांची जट

गौराक्का पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा मी थेट त्यांच्या डोक्यालाच हात घातला. नवी पेठेमागच्या आमच्या गल्लीत त्या रिक्षातून उतरत होत्या. डोक्यावर हिरव्या फडक्यातलं गाठोडं दिसलं आणि मला मदतीची फार हौस. "आजी, ओझं द्या इकडं," म्हणत मी ते ओढलं. त्या कळवळल्या. ते गाठोडं नव्हतं, यल्लम्मा देवीची म्हणून न कापता राखलेली केसांची जट होती. बायका हळद-कुंकू वाहिल्याशिवाय जिला बोट लावत नसत, तिला मी भाजीच्या पिशवीसारखा हिसका दिला होता.

अक्का मान चोळत म्हणाल्या, "निगत आसंल तर ने की बाबा. लई जड हाय."

शेजारच्या खोलीत त्या कडक भाकरी करून विकायच्या. वाकलं की जट परातीत यायची, बसलं की मान मागं ओढायची. कुशीवर झोपता येत नव्हतं. मणके झिजलेत, जट कापा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी लगेच भाषण सुरू केलं. "अक्का, केसांचा गुंता आहे हो नुसता."

त्यांनी भाकरी उलटली. "आसंल. पर इतकी वरसं आईची म्हणून सांबाळली. सून पोटुशी हाय. तिला काय झालं तर तू भाषण करशील, मी काय करू?"

मी दोन भाकऱ्या घेऊन घरी आलो.

एका मंगळवारी त्यांनी कौल लावला. देवीला ओल्या कुंकवानं दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर कापायची, डावी पडली तर नाही. दुपार कलली तरी एकही पडेना. पंखा जरा वाढवावा म्हणून मी उठलो. बायकोनं नजरेनंच मला खाली बसवलं. "देवी रागावली," कुणीतरी कुजबुजलं.

अक्का उठल्या. "रागावली न्हाय. तुजं तूच ठरीव म्हनतीया." मग माझ्या बायकोकडं वळून म्हणाल्या, "पोरी, कातर हाय का घरात?"

बायकोनं कातर आणली. दुसरं कुणी पुढं आलंच नसतं. मी पाण्याचा तांब्या धरून दाराजवळ उभा होतो. बायको कापत होती आणि अक्का डोळे मिटून पुटपुटत होत्या. जट सुटून मांडीवर आली. त्यांनी तिला हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि सावकाश मान वळवली, डावीकडं, मग उजवीकडं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "शेवटी माझं पटलं त्यांना."

बायको हात धूत होती. "तुमचं कुठलं पटतंय? भीती पहिल्याइतकीच होती त्यांना. पुटपुटत काय होत्या, ठाऊक आहे? 'आई, कोप करायचा तर माज्यावर कर. सुनंला आन् ह्या पोरीच्या हाताला काय करू नगंस.'"