व्हर्लिनचा कान

आमच्या इंडियानातल्या धुळीच्या ट्रॅकवर रिमोटवर पळणाऱ्या, नायट्रो इंधनाच्या छोट्या गाड्यांचा कार्बोरेटर जुळवावा तो व्हर्लिन स्टकीनंच. आवाज ऐकून तो इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवायचा आणि इंजिनावर थुंकून ताप बघायचा. तापमापक घेऊन येणाऱ्यांना हसायचा.

त्या रविवारी रॉयनं त्याच्याकडं आपली नवी गाडी जुळवायला दिली. "लई जड बोलतंय," म्हणत व्हर्लिननं सुई आवळून इंधन कमी केलं. मग आणखी आवळली. इंधनातल्या तेलाचा निळा धूर दिसेनासा झाला, इंजिन कोरडं पळू लागलं.

"आरं म्हाताऱ्या, बास! किंचाळतंय ते!" रॉय ओरडला.

"मला शिकवतोस व्हय?"

तो थुंकला. थुंकी चर्रकन उडाली आणि तापलेलं इंजिन जाम झालं.

"किंचाळत हुतं?" व्हर्लिननं हळूच विचारलं. "मला न्हाई आलं ऐकू."

पुढच्या रविवारीही तो खुर्ची टाकून बसला. गाड्या त्याच्यासमोरून थेट ट्रॅकवर गेल्या.