जांभळीची टोकं

गल्लीत त्यांना सगळे एकसारखेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं केस कापताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानाशी एकच वाक्य म्हणत आले होते, "हलू नका, एकसारखं करतो," आणि गल्लीनं त्यातला नेमका शब्द उचलून त्यांना चिकटवून टाकला. दुकानात खुर्ची एक, आरसे दोन, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. कारागीर म्हणून माणूस अव्वल. दोन्ही कल्ल्यांत केसाचाही फरक सापडायचा नाही. खोड एकच, आपलं तेच खरं.

एक थाप मात्र तेही मारत. केस विरळ व्हायला लागलेलं एखादं गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे केविलवाणं बघत विचारी, "काका, जरा वाढवून बघू का?" काका म्हणत, "वाढवून काय होतंय? जितके कापाल तितके दाट येतील." गिऱ्हाईक खूश, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा खुर्चीत हजर. आता चाळीस वर्षं रोज एकच थाप मारली, की ती सगळ्यात आधी कुणाला पटत असेल तर मारणाऱ्याला.

काकूंच्या पोटातलं दुखणं साधं नाही हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी दोघं दवाखान्याच्या आवारात बाकावर बसले होते. समोर एक झुडूप फुललं होतं. गडद जांभळी, तळहाताएवढी उघडी फुलं. काकू उठल्या आणि पानावर बोट फिरवून म्हणाल्या, "अहो, हात लावून बघा. मखमल आहे नुसती!" काकांच्या हातात रिपोर्टची पिशवी होती. बायको रडली असती तर काय बोलायचं हे त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. झाडाचं कौतुक करणाऱ्या बायकोशी काय बोलायचं ते त्यांना सुचेना.

तिथून काकूंनी त्यांना थेट नर्सरीत नेलं. नर्सरीवाल्यानं झुडपाचं सांगितलेलं लांबलचक नाव दोघांच्याही तोंडात बसेना, म्हणून काकूंनी तिथल्या तिथे त्याचं 'जांभळी' असं बारसं करून टाकलं. "नाजूक जात आहे," नर्सरीवाला म्हणाला. "गार वारा सोसत नाही, भर दुपारचं ऊनही नाही. जपलंत तर पुढची थंडी सरता सरता फुलेल."

"हिची फुलं बघितल्याशिवाय मी काही जायची नाही," कुंडी मांडीवर घेऊन घरी येताना काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी दिलेली मुदत आणि नर्सरीवाल्यानं दिलेली मुदत जवळपास सारखीच होती. काकांनी ती मनातल्या मनात ताडून पाहिली आणि कुणाला सांगितलं नाही. मागच्या अंगणात, काकूंच्या पलंगावरून खिडकीतून दिसेल अशा जागी, त्यांनी स्वतः खड्डा खणला.

औषधांनी काकूंचे केस गळायला लागले. उशीवर पुंजके सापडू लागले तेव्हा त्याच म्हणाल्या, "घरचा कारागीर असताना मी अशी का राहू?" काकांनी चाळीस वर्षांत हजारो डोकी हाताळली होती, पण त्या सकाळी त्यांनी वस्तऱ्याला दोनदा धार लावली. "येतील गं," ते म्हणाले. "जितके काढले तितके दाट येतील."

"अहो, ते गिऱ्हाइकांना सांगा," काकू म्हणाल्या, आणि दोघंही हसले. नंतर काका नळाखाली वस्तरा धरून बराच वेळ उभे होते.

काकू अंथरुणाला खिळल्या आणि जांभळी काकांच्या ताब्यात आली. जपण्यात त्यांनी कसूर केली नाही, हे कबूल करायलाच हवं. दुपारी गोणपाटाची सावली, संध्याकाळी गार वारा सुटला की दुकानातली पांढरी चादर. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळतात तशीच ती ते झुडपाला गुंडाळत आणि मागे गाठ मारत. इथवर सगळं ठीक होतं. पण जांभळीच्या फांद्या वाटेल तशा आडव्यातिडव्या धावायच्या, आणि ते त्यांच्या डोळ्यांना खुपायचं. लोक काय म्हणतील? केस कापणाऱ्याच्या घरचं झाड आणि असं पिंजारलेलं? दर पंधरा दिवसांनी, दुकानाच्या सुट्टीला, ते कात्री घेऊन अंगणात उतरत आणि जांभळीला चारी बाजूंनी बेतून गोल करत.

"तिला जरा वाढू द्या ना हो," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"तू पडून राहा. छाटलं की फांद्या फुटतात, फांद्या फुटल्या की फुलं. जितकं कापू तितकं दाट."

या वेळी काकू हसल्या नाहीत. पुढच्या छाटणीला पुन्हा तेच म्हणाल्या. काकांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

थंडी सरत आली. काकूंचा आवाज आता दारापर्यंतही पोचत नव्हता. एका सकाळी त्यांनी काकांची बाही ओढली. "अहो, टोकांना लाल लाल काहीतरी दिसतंय. कळ्या असतील का?"

काका बाहेर गेले. खरंच, प्रत्येक फांदीच्या टोकाला तांबूस, लवदार असं काही तरी सुजून बसलं होतं. बघताच त्यांना चादर आठवली. कारण परवा काकूंना उलट्या होत होत्या आणि त्या गडबडीत चादर घालायची राहून गेली होती. गार वारा लागला असणार. टोकं जळली असणार. केसांच्या टोकांना फाटे फुटले की काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. वेळेवर कापायचं, नाहीतर खराबी आत शिरते.

"कळ्या नव्हेत, टोकं खराब झालीत," ते खिडकीपाशी येऊन म्हणाले. "आत्ता साफ करतो." आणि एकेक टोक बोटांत धरून त्यांनी कापून टाकलं. एकही सुटलं नाही. "झालं. एकसारखं केलं."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

अठरा दिवसांनी त्या गेल्या.

दुकान महिनाभर बंद राहिलं, मग उघडलं. मागचं दार मात्र काकांनी उघडलं नाही. मेव्हणी, म्हणजे काकूंची धाकटी बहीण, आठवड्यातून दोनदा यायची आणि अंगणात पाणी घालून जायची. पुन्हा थंडी आली. जांभळीला चादर घालायला कुणी नव्हतं, कात्री लावायलाही कुणी नव्हतं. सरत्या थंडीत एकदा मेव्हणीनं बादली मागितली, म्हणून काका ती घेऊन मागच्या दारात आले. झुडूप खिडकीच्या वर गेलं होतं, सगळ्या अंगानं विस्कटलेलं. आणि टोकाटोकाला तेच लाल.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांची तर बायकोच्या मरणानंही गेली नव्हती. खिशातली छोटी कात्री कधी बाहेर आली ते त्यांनाच कळलं नाही. एक टोक तळहातावर पडलं. कितपत जळलंय बघावं म्हणून त्यांनी ते अंगठ्यानं दाबलं. लाल टरफल सुटलं, आणि आतून जांभळी पाकळी निघाली. घट्ट गुंडाळलेली, ओली, नवी कोरी.

बादली तिथेच राहिली. काका पायरीवर बसले ते मेव्हणीनं दोन हाका मारल्या तरी उठले नाहीत.

आठवड्याभरात बाकीची सगळी उमलली. मेव्हणीनं डोळ्यांना पदर लावला. "भाऊजी, ताईला किती हौस होती हो. फुलं एक वर्ष लवकर आली असती तर..."

"आली होती," काका म्हणाले. "मी कापली."

"असं काय बोलता? तुम्हाला काय माहीत होतं?"

"तिला माहीत होतं. कळ्या असतील का, म्हणाली होती मला."

मेव्हणीनं बादली उचलली आणि पाणी घालायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जुनं गिऱ्हाईक आलं. विरळ झालेल्या माथ्यावरून हात फिरवत म्हणालं, "काका, बारीकच करा. दाट येतील."

"नाही येणार," काका म्हणाले. "कापलं की कमीच होतं."

गिऱ्हाइकानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, इतकी वर्षं तर तुम्हीच सांगत होता."

"हो. सांगत होतो," काका म्हणाले, आणि त्यांनी चादर झटकून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली.