रिकामा पेला

"पेला रिकामा करून परत दे," असं कांचन सगळ्यांना म्हणायची. अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या घरी वडिलांना दुधाच्या पेल्यावरून, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या गस्ती जहाजावर उन्हानं भोवळ आलेल्या खलाशांना. ही सवय तिच्या आईची, वसुधाकाकूंची. जहाजावरच्या डेल्गाडो नावाच्या खलाशानं ते मराठी वाक्य पाठच केलं होतं. कॉफी संपली की तो कप उपडा धरून ओरडायचा, "बघ मावशी, रिकामा!" मावशी हा शब्दही त्यानं काकू कांचनशी फोनवर बोलायच्या तेव्हा ऐकूनच उचललेला.

कांचन जहाजावर औषधपाणी बघायची. फ्लोरिडाच्या दक्षिणेला समुद्र इतका निळा, की त्यात कुणी बुडत असेल असं मनातही येऊ नये. एका सकाळी तिथं चोरून अमेरिकेला निघालेल्या माणसांची, फळ्या ठोकून केलेली होडी सापडली. इंजिन बंद पडलेलं, माणसांचे ओठ फुटलेले. सगळ्यांना वर घेतलं, ब्लँकेटं दिली, ताडपत्रीच्या सावलीत बसवलं. त्यात योलांडा नावाची एक बाई होती. तिच्या मांडीवर तिचा लहानगा मान टाकून पडला होता.

कांचननं मीठ-साखरेचं पाणी केलं, वर चमचा दिला. "थोडं थोडं पाज." डेल्गाडोनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. पेला रिकामा परत आला. दुसराही आला. तरी पोराचे डोळे खोलच जात होते. मग कांचनचं लक्ष खाली गेलं. योलांडाच्या ब्लँकेटचा कोपरा ओला होता. तिनं बोट टेकवून जिभेला लावलं. गोड, खारट.

ती रागावली नाही. समोर मांडी घालून बसली. "विचार तिला, का ओतलंस?"

बाईनं पोराच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरा झाला तर आम्हाला परत नेतील. फार आजारी असला तर हेलिकॉप्टर येतं, तुमच्या दवाखान्यात नेतं. शेजारणीच्या मुलाला नेलं होतं."

डेल्गाडोनं सांगितलं आणि मान फिरवली.

"तिला सांग, हेलिकॉप्टर लागलं तर मी स्वतः बोलावीन. पण ते येईपर्यंत हे पोर थांबायचं नाही."

"ती विचारतेय, प्यायला तर परत पाठवणार का?"

"हो म्हण."

"मावशी, एवढं तरी नको ना सांगायला लावू!"

"मग काय, खोटं बोलून पाजू?"

डेल्गाडोनं शेवटी 'हो' सांगितलं, तशी योलांडानं कांचनच्या तोंडाकडे बघितलं. मग तिनं चमचा उचलला.

दुपार कलल्यावर पोरानं लघवी केली, म्हणजे पाणी अंगी लागलं होतं. एका ओल्या चड्डीवर कांचन इतकी हसली, की खलाशी चक्रावून बघत राहिले. मग ते हसू हळूच विझलं. पोर जगलं होतं, आणि आता त्याला दवाखाना लागणार नव्हता.

पुढे एका शांत सकाळी होडीतल्या माणसांना परत न्यायला त्यांच्या देशाची बोट बाजूला येऊन लागली. शिडीपाशी योलांडा थांबली. पोराला कडेवर सावरत तिनं पेला उपडा करून दाखवला आणि कांचनच्या हातात दिला. थेंबही पडला नाही. मग ती खाली उतरली.

 पेला छातीशी धरून कांचन वळली आणि डेकवरून संथपणे चालत गेली, मागे न बघता. खालच्या बोटीतून योलांडा आणि तिचा मुलगा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.