त्याच नावाचा प्रोग्राम

जपानातल्या हाचिनोहे बंदरावरच्या आमच्या मच्छिमार संघाच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, नवं काही चढवायचं असलं की ते काम हात्सुए निइदाबाईंकडे यायचं. मी त्याच खोलीत छपाईचं यंत्र सांभाळायचो. नवी टेप आली की बाई तिच्यातली इन्स्टॉलेशनची फाइल उघडत. कोणती डिस्क, कोणतं नाव, ते ओळ न् ओळ स्वतः भरत आणि मग रंगीत तालीम घेत. तालमीत यंत्र सगळं करून बघतं, पण कशाला धक्का लावत नाही. या सावकाशीवर साहेब वैतागत. बाई म्हणत, "चढवणं सोपं असतं, साहेब. उतरवताना घाम फुटतो."

त्या वसंतात माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, लिलावाचा नवा प्रोग्राम आला. तालमीचा कागद वाचताना बाई थबकल्या. त्याच नावाचा प्रोग्राम यंत्रात आधीच होता, नवा चढला की तो पुसला जाणार होता. तो उराबेंनी लिहिलेला. बाईंना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते बंदरामागच्या चढावर राहत.

"जुन्याचं नाव बदला, दोन्ही राहतील," मी म्हटलं.

"मनात तेच आहे. पण त्यांना न विचारता नको."

रविवारी लिलाव बंद असतो. बाईंनी बोलावल्यावरून उराबे सेनबेईची, म्हणजे शेंगदाण्याच्या कुरकुरीत बिस्किटांची, पुडी घेऊन आले. उभ्याउभ्याच त्यांनी कागद वाचला.

"बर्फाच्या बिलालाही हाच लागतो. ते आधी नव्याकडे वळव."

"वळवते. आणि जुना दुसऱ्या नावाने ठेवते."

"कशाला?"

"तुमचा आहे म्हणून, उराबे-सान."

"अगं, लेक सासरी गेली म्हणून तिची खोली कुलूप लावून ठेवतात का? उद्या कुणीतरी चुकून जुनाच चालवेल, कोळ्यांना चुकीचा भाव मिळेल, आणि शिव्या खाईन मी. तेही या वयात."

बाई हसल्या नाहीत. "मी शिकले ते त्याच्यावरच," त्या म्हणाल्या.

उराबेंनी एक सेनबेई मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. "शिकलीस ना? मग झालं की."

बाईंनी रिवाजाप्रमाणे सगळ्याची नक्कल टेपवर घेतली, बर्फाचं बिल वळवलं, पुन्हा तालीम घेतली. आता जुन्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी खुर्ची सरकवली. "तुम्ही दाबा."

"मी का? काम तुझं आहे."

बाईंनी कळ दाबली. काम संपेपर्यंत उराबे पडद्यासमोरून हलले नाहीत. मग म्हणाले, "चहा तरी जुनाच आहे ना इथे?"

सोमवारी लिलावाच्या पावत्या बिनचूक निघाल्या. बर्फाच्या एका बिलावर तेवढी तारीख चुकली, ती बाईंनी दुपारपर्यंत सुधारली. नवा प्रोग्राम कायम करण्याची शेवटची आज्ञा, जी देईपर्यंत जुना परत आणता येतो, ती मात्र त्यांनी माकुलाचा अख्खा हंगाम पार पडल्यावर, थंडी सुरू होताना दिली. त्या संध्याकाळी त्या उराबेंकडे जेवायला गेल्या. उराबेंच्या बायकोने माशाचा गरम रस्सा केला होता. प्रोग्रामचा विषयच निघाला नाही, असं बाई म्हणाल्या.